आधार कार्ड अन् दोन फोटो

या वेळचं पत्र अमळनेरहून आलंय. नाव देत नाहीये, त्या ताईनंच तसं सांगितलंय. पत्र मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. वय ४१, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, माहेर पारोळा तालुक्यातलं. वडील गेल्या भादव्यात गेले. मागे आई, दोन भाऊ आणि ही, साडेसहा एकर वावर, एक विहीर, गावातलं घर. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वडिलांच्या नावानं पहिली घागर भरायची आहे. मोठ्या भावाचा फोन आला, "आखाजीले येशी तं आधार कार्ड अन् दोन फोटो लई येजो." म्हणजे हक्कसोडची, जमिनीतला आपला वाटा सोडून द्यायच्या कागदाची तयारी. वहिनीनं तर सरळच विचारलं, "तुले भाऊ जोयजे का वावर जोयजे?" मुलगी जळगावला कॉलेजला आहे, ती म्हणाली की आई, दरवर्षी ३ जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंवर भाषण तूच करतेस ना, मग इथे गपचूप सही कशी करणार? ताई लिहिते, "त्या बाया फार मोठ्या होत्या, त्यांचा काळ वेगळा होता. आपण शिकलो, नोकरी करतो, आता लढायला काय उरलंय असं मीच स्टाफरूममध्ये म्हणायचे. आता रात्री झोप लागत नाही. मी लोभी झाले का मावशी? सही करू की नको?"

ताई,

तू माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान, म्हणून तुला 'तू' म्हणते, राग मानू नको.

आधी त्या लोभी शब्दाचं बघू, कारण तुझी झोप त्या शब्दानं उडवलीय. वडिलांमागे तुझ्या दोन्ही भावांची नावं उताऱ्यावर लागणार आहेत. त्यांना कुणी विचारलं का, की बाबा रे, तू लोभी तर नाहीस ना? मोठ्या भावानं रात्री कूस बदलत असा विचार केला असेल का? केला नसणार, आणि मी त्याला वाईट म्हणत नाहीये, त्याला ते मृगात पाऊस यावा तितकं साधं वाटतंय. तुला मात्र तुझ्याच बापाच्या मागे तुझं नाव लागणं म्हणजे कुणाच्या तरी ताटातलं उचलल्यासारखं वाटतंय. एका आईच्या पोटची तीन लेकरं, एकाच टोपल्यातली कळण्याची भाकर खाऊन मोठी झालेली, आणि हा शब्द त्यातल्या एकीलाच का टोचतो, एवढं आखाजीपर्यंत मनात घोळू दे.

आता माझं सांगते, कारण मी ही सही केलेली बाई आहे.

माझं लग्न १९८६ चं. वडील २००७ मध्ये गेले आणि पुढच्या उन्हाळ्यात माझ्या दोन भावांपैकी एकानं असंच बोलावलं, आधार तेव्हा नव्हतं, रेशन कार्ड आणि फोटो घेऊन ये म्हणाला. आम्ही सगळे रजिस्ट्री ऑफिसात गेलो. बाहेर बाकावर आई, मी, धाकटी बहीण, उन्हानं तोंडं लाल झालेली, भाऊ आमच्यासाठी पाण्याची बाटली आणायला दोनदा धावला. नंबर आला तेव्हा आधी आईला आत बोलावलं. आईला सही यायची ताई. सावकाश, एकेक अक्षर जोडून, पण यायची. मी चौथीत असताना माझ्याच पाटीवर शिकली होती ती, मी गिरवून द्यायचे आणि ती चुलीसमोर बसून त्यावरून पेन्सिल फिरवायची. पण तिथल्या माणसाला घाई होती, म्हणाला, आजी अंगठाच द्या, लवकर होईल. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा दिला. मग मी. कॅमेऱ्यात बघा ताई म्हणाले, फोटो काढला, विचारलं राजीखुशीनं देताय ना, मी भावाकडे बघितलं, तो रुमालानं मान पुसत होता, आणि मी हो म्हटलं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. नंतर समोरच्या रसवंतीत बसलो, बोटाची शाई नीट धुतली गेली नव्हती, काचेच्या ग्लासावर माझ्या अंगठ्याचा निळा ठसा उमटला आणि मी तो पदरानं पुसत बसले. संध्याकाळी भावानं आम्हा दोघी बहिणींना साडी नेसवली.

माझा भाऊ चांगला आहे. आजही दादरचं, म्हणजे ज्वारीचं, पोतं घरपोच पाठवतो. त्यानं मला फसवलं नाही, कागदावर काय आहे ते त्यानं लपवलं नाही. फक्त एक गोष्ट त्याला माहीत नव्हती आणि मलाही नव्हती, की ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा वाटा लेकाइतकाच झालेला होता, लग्न कधीही झालेलं असो. म्हणजे मी काय सोडतेय हे मला माहीतच नव्हतं, मला वाटलं भावाची जमीन भावाच्या नावावर करायला माझी एक सही लागते म्हणून बोलावलंय!

खरं दुःख नंतर कळलं. दोन्ही भावांचं वेगळं झालं आणि आईची पाळी लागली. तीन महिने मोठ्याकडे, तीन महिने धाकट्याकडे. एक रेक्झिनची बॅग, त्यात दोन लुगडी, गोळ्यांचा डबा, जपमाळ. जिनं ३५ वर्षं त्या वावरात निंदणी केली, कापूस वेचला, तिची पाळी. तिला कुणी उपाशी ठेवलं नाही, पण ती पाणी सुद्धा विचारून प्यायची. माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणायची, लोक काय म्हनतीन, लेकीकडे किती दिवस राहू. आणि मला राहून राहून त्या ऑफिसातला दिवस आठवतो. तिचाही वाटा होता गं त्यात, आणि माझ्याआधी तिचा अंगठा लागला होता, मी तिथे शेजारी उभी होते.

२०१६ मध्ये माझ्या मिस्टरांचं बायपास झालं. भावानं लगेच पैसे दिले, एक शब्द बोलला नाही. पण हात पसरून घेतले मी ते. त्यातलं काही माझं होतं असं म्हणायला जागाच राहिली नव्हती.

पुढे दहाएक वर्षं मी तालुक्याच्या एका समुपदेशन केंद्रात काम केलं. तिथे येणाऱ्या बाया बघितल्या. नवऱ्यानं मारून हाकललेली, टाकलेली, विधवा झालेली. आणि जवळजवळ प्रत्येकीला मी विचारायचे, माहेरी काही आहे का तुझ्या नावावर? उत्तर एकच यायचं, सही देऊन टाकली मावशी. ज्या दिवशी गरज नव्हती त्या दिवशी सही दिली, आणि ज्या दिवशी आसरा हवा होता त्या दिवशी वहिनी म्हणाली दोन दिवस रहा, मग बघू. म्हणून मी तुला हे एवढं लांबण लावून सांगतेय.

आता तू म्हणतेस ना, त्यांचा काळ वेगळा होता. होता. पण तू शाळेत जे भाषण करतेस त्यात शेण आणि दगड येतात, बरोबर? भिडे वाडा, १८४८, मुलींची शाळा, अंगावर शेण. तेवढंच येतं. त्यापुढचं मी सांगते. १८४९ मध्ये सासऱ्यांनी घराबाहेर काढलं दोघांना. सावित्रीबाईंनी घर गमावलं होतं ताई, तुला जी भीती वाटतेय ना माहेर तुटायची, तसलीच ती. आणि १८९० चा नोव्हेंबर. जोतीराव गेले. त्यांचा मुलगा यशवंत दत्तक, एका विधवा बाईचा, फुल्यांनी आपल्याच घरात काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात जन्मलेला. अंत्ययात्रेत पुढे टिटवं, म्हणजे मडकं, कोण धरणार यावरून भाऊबंद अडले, कारण जो टिटवं धरतो तो वारस असा समज. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या, टिटवं हातात घेतलं आणि चालायला लागल्या. बाईनं. त्या काळात! मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसले होते, कारण वारसा हा शब्द तिथे एका मडक्यात होता आणि ते मडकं कुणाच्या हातात जायचं यावर सगळं अडलं होतं. तुझ्या वडिलांची पहिली घागर आहे ना आखाजीला? त्याच दिवशी त्याच ओट्यावर कागद पुढे येणार आहे ना? मग काळ वेगळा कसा ते तूच सांग.

ताराबाई शिंद्यांचं तू पत्रात नाव घेतलं नाहीस, पण त्या तर आपल्या शेजारच्या. मलकापूरहून राजूर घाट चढला की बुलढाणा, तिथल्या. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली, पुढे अपिलात शिक्षा कमी झाली, पण पेपरांतून सगळ्या बायकांच्या नावानं बोटं मोडणं सुरू झालं. बुलढाण्यात बसलेल्या ताराबाईंनी ते वाचलं आणि १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून छापली. त्यांचा प्रश्न साधा, जे दोष बायकांच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत का? बस. एवढ्यावर लोक खवळले. जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं काही छापलेलं मिळत नाही, आणि ते पुस्तकही जवळजवळ विसरलंच गेलं, १९७५ मध्ये पुन्हा छापून आलं तेव्हा लोकांना कळलं की अशी कुणी बाई होती. मला याचं फार वाईट वाटतं. किती वर्षं ती बाई गप्प बसली असेल.

आणि डॉक्टर रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न, नांदायला गेल्याच नाहीत, नवऱ्यानं १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात केस टाकली. १८८७ मध्ये कोर्ट म्हणालं नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या तुरुंगात जाते. पुढे तडजोड झाली, इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, परत येऊन सुरतेच्या दवाखान्यात कामाला लागल्या, आपली माणसं ताप्ती लाईनच्या गाडीनं जातात ना तीच सुरत. आणि या केसबद्दल बोलताना लोक एक गोष्ट सोडून देतात, रखमाबाईंच्या नावावर वडिलांची इस्टेट होती. आईनं दुसरं लग्न करताना ती लेकीच्या नावानं करून दिली होती. नांदायला ये या हट्टामागे त्या इस्टेटीवर डोळा आहे असा रखमाबाईंच्या बाजूचा आरोप होता. मी त्या आईचा विचार करते नेहमी. आईनं लेकीच्या नावावर काहीतरी ठेवलं म्हणून लेक नाही म्हणू शकली.

बरं या सगळ्या पुण्या-मुंबईच्या नाहीतर वऱ्हाडच्या, आपल्याकडे काय, असं तुझ्या मनात येईल. तर शहादा. १९७२ चा दुष्काळ, तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. भिल्ल मजूर जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उभे राहिले, श्रमिक संघटना निघाली. त्यात बाया पुढे होत्या. मजुरीचे पैसे दारूत जातात म्हटल्यावर त्या गावोगाव जाऊन दारूचे हंडे फोडायला लागल्या, आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला सगळ्या मिळून गाठायच्या, चारचौघांत माफी मागायला लावायच्या. घरातली मारहाण हा घरातला मामला नाही हे या बायांनी करून दाखवलं, आणि तो कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा यायला त्यानंतर २००५ साल उजाडलं! यातल्या कितीतरी बायांची नावंसुद्धा कुठे लिहिलेली नाहीत. तुझ्या ३ जानेवारीच्या भाषणात एक वाक्य यांचं घाल, मुलींना कळू दे की हे आपल्याकडे झालं. आणि बहिणाबाई तर आपल्याच, असोद्याच्या लेक, लिहिता-वाचता येत नव्हतं, तिशीत वैधव्य आलं, तरी घरोट्यावर, म्हणजे जात्यावर, बसून जे सुचलं ते आज शाळेत शिकवतो आपण. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, तुझी मुलगी त्याच नावाची डिग्री घेऊन बाहेर पडणार. विद्यापीठाच्या कमानीवर बाईचं नाव लागलं याचा मला मनापासून आनंद आहे. सातबाऱ्यावर लागलं तर जास्त होईल.

कायद्याचं थोडक्यात सांगते कारण ते तुला भावांशी बोलताना लागेल. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं त्यामागे हिंदू कोड बिल रखडवलं हे मोठं कारण होतं. मग १९५६ चा वारसा कायदा आला, त्यात बापाच्या स्वतःच्या कमाईच्या मिळकतीत लेकीला लेकाइतका वाटा मिळाला, पण वडिलोपार्जितमध्ये जन्मापासूनचा हक्क मुलांनाच राहिला. १९७५ नंतर बायकांच्या संघटना गावोगाव उभ्या राहिल्या, मथुरा केस झाली, म्हणजे पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराची केस, मोर्चे झाले, १९८६ मध्ये आपल्या जवळच चांदवडला शेतकरी संघटनेच्या बायकांचं मोठं अधिवेशन भरलं, बायकोचं नाव जमिनीला लावा ही गोष्ट त्यानंतर शेतकऱ्यांच्याच तोंडून बोलली जायला लागली. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं वडिलोपार्जितमध्येही लेकींना हक्क दिला, पण ज्यांची लग्नं त्याआधी झाली त्यांना वगळून, म्हणजे मी बाहेर. २००५ ला केंद्रानं सगळ्यांनाच आत घेतलं. तरी वाद राहिला की २००५ ला वडील जिवंत हवेत का, तो ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं मिटवला, जिवंत असण्याची अट नाही, हक्क जन्मानं आहे. आता मोज बरं, १८८२ पासून २०२०. एवढी वर्षं कुणी ना कुणी बाई शिव्या खात, कोर्टाच्या पायऱ्या झिजवत हे पुढे सरकवत होती, आणि आपण ते पाच मिनिटांत एका साडीवर परत देऊन येतो. मी दिलं.

म्हणून लढायला काय उरलंय याचं उत्तर तुझ्या पत्रातच आहे. ८ मार्चला आपल्याकडे पैठणीचे खेळ होतात, स्टेटस ठेवतात, शाळेत गुलाब देतात, ठीक आहे, बाया एक दिवस हसतात तर हसू दे. पण चळवळ आता बऱ्याच ठिकाणी मोर्चात दिसत नाही म्हणून ती संपली असं नाही, ती तलाठी ऑफिसात, घरच्या ओट्यावर येऊन बसलीय, आणि तिथे आपण एकट्या असतो, घोषणा द्यायला कुणी सोबत नसतं, समोर शत्रू नसतो, समोर भाऊ असतो. हे जास्त अवघड आहे. मी हे मान्य करते, अगदी मनापासून.

भावाची बाजूही ऐक. तो रानात राबतो, कपाशीला भाव नाही, बोंडअळी आहे, विकास सोसायटीचं कर्ज आहे. त्याला भीती आहे की बहिणीचं नाव लागलं तर पीककर्जाला दरवेळी तिची सही लागेल, उद्या जावई वाटा मागायला येईल, तुकडे पडतील. ही भीती खोटी नाही. पण यावर उपाय आहेत. नाव लागलं म्हणजे उद्याच बांध घालायचा असं नसतं, सगळ्यांची नावं सामाईक राहू शकतात, वावर भाऊच कसेल, कर्जाला तू संमती देशील, हे बोलून घ्या, चार माणसांत लिहून ठेवा. आणि तुझ्या लग्नात खर्च केला, हुंडा दिला असं म्हणाले तर शांतपणे सांग की तो तुझ्या सासरी गेला, तुझ्या हातात आला नाही, आणि हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे, त्याचा हिशोब वारशात धरता येत नाही.

वहिनीवर मात्र तू चिडलीयेस, पत्रात दिसतं. ताई, तिला एकदा विचार, तू तुझ्या माहेरी सही कधी दिलीस? मला जवळजवळ खात्री आहे की तिनं दिलीय. स्वतःचं सोडून आलेली बाई नवऱ्याच्या वावरावर जीव टाकते कारण तिच्याकडे दुसरं काही नाही, तेही तिच्या नावावर नसतं, उद्या भावाला काही झालं तर तीही तुझ्या आईसारखीच रांगेत. तिचा जो प्रश्न आहे, भाऊ जोयजे का वावर जोयजे, तो तिलाही कुणीतरी विचारलेला आहे. तिच्याशी भांडू नकोस. जमलं तर तिच्या नवऱ्याच्या उताऱ्यावर तिचं नाव लावायची गोष्ट तूच काढ.

आता कागदाचं. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर तुमच्या घरात आई, दोन भाऊ आणि तू, चौघांना सारखा वाटा. साडेसहा एकराचा चौथा हिस्सा म्हणजे एक एकर पंचवीस गुंठे तुझे आणि तेवढेच आईचे. तुम्हा मायलेकींचं मिळून सव्वातीन एकर होतं, अर्धं वावर. हे मी मुद्दाम सांगतेय कारण आधार कार्ड आईचंही मागितलंय का हे तू लिहिलं नाहीस, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे. आईचा वाटा १९५६ च्या कायद्यानं पूर्ण तिचा आहे, तिला कसायचा, ठेवायचा, द्यायचा अधिकार आहे. तू तुझं काय करायचं ते कर, पण आई जिवंत असेपर्यंत तिचं नाव उताऱ्यावरून निघू देऊ नकोस. यावर मात्र मी अडून बसेन. आपल्याकडे बाई विधवा झाली की बांगड्यांपासून सगळंच काढून घ्यायची घाई असते, कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून या विधवा प्रथा बंद केल्या, तुमच्या गावात तेवढं होईल न होईल, निदान सातबाऱ्यावरची बाई पुसू नका.

वारसनोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक मुद्दाम किंवा अज्ञानानं एकत्र सांगतात. वारसनोंद म्हणजे वडिलांच्या जागी सगळ्या वारसांची नावं लागणं, त्यासाठी तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र लागतं, मग फेरफार, म्हणजे बदलाची नोंद, धरतात, नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. भाऊ म्हणेल वारस लावायलाच सही लागते, तर त्या कागदावर वर काय लिहिलंय ते वाच, तू शिक्षिका आहेस, तुला कुणी अंगठा दे म्हणणार नाही. हक्कसोडपत्र रजिस्टर करावं लागतं, नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून जमिनीतला हक्क सुटत नाही, आणि एकदा रजिस्टर झालं की मागे फिरणं फार कठीण, फसवणूक झाली असं कोर्टात सिद्ध करावं लागतं, तेही मुदतीत. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुझ्या वतीनं सह्या करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, पुढे आलं तर तेही तितकंच जपून. वडिलांच्या हयातीत रजिस्टर वाटणी झाली होती का ते बघून घे, २० डिसेंबर २००४ च्या आधीची तशी वाटणी असेल तर हिशोब बदलतो. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही, तुझा पगार आहे म्हणून नाही म्हणणार नाहीत. (वाचणाऱ्यांमध्ये आदिवासी समाजातल्या बहिणी असतील, तर हा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू नाही, तुम्ही वेगळा सल्ला घ्या, मुस्लिम भगिनींचंही वेगळं आहे.)

सही करू की नको हे मी सांगणार नाही असं म्हणून हात झटकणं मला पटत नाही. तू विचारलंस, मी सांगते, या आखाजीला करू नको. पुढे कधी तुला वाटलं, भावाची खरंच अडचण आहे, तुझं भागतंय, तर पूर्ण माहिती घेऊन, मोबदला घेऊन किंवा न घेता, तुझ्या मनानं दे, कुणाची माय व्यायली नाही तुला अडवायला. देणं वाईट नाही. पण बापाचं वर्ष झालेलं नाही, आई अजून सावरली नाही, सणाचा दिवस आहे, घर पाहुण्यांनी भरलंय, अशा वेळी नाही म्हणायला तुझी जीभ रेटणार नाही म्हणूनच तो दिवस ठरतो. मुद्दाम ठरवतात असं नाही, पण ठरतो. भावाला आजच फोन कर, आखाजीच्या आधी. सांग, मी येते, कागद आणत नाही, आधी चौघांची वारस लागू दे, मग दिवाळीत बसून बोलू. चिडेल. दोन-चार दिवस बोलणार नाही. फोन तूच पुन्हा कर.

माहेर तुटेल का? काहींचं तुटतं, खोटं बोलणार नाही. माझ्यासमोर बसलेल्या बायांपैकी काहींचे भाऊ वर्षभर बोलले नाहीत, मग भाचीच्या लग्नात आले, मग हळूहळू यायला लागले. एकीचे अजून बोलत नाहीत आणि ती दर राखीपौर्णिमेला राखी पोस्टानं पाठवते. तिला पश्चात्ताप नाहीये पण तिला दुःख आहे, दोन्ही आहेत. आणि सही देऊनही ज्यांचं माहेर चार वर्षांत आटलं अशा तर कितीतरी.

तर आखाजीला जाच. सांजोऱ्या घेऊन जा, आमरस, खापरावरच्या पुरणपोळ्या सगळं होऊ दे, झोक्यावर बस, गौराईची गाणी म्हण, लेकीलाही घेऊन जा. वडिलांची घागर भरताना तूही हात लाव, पाणी तू ओत, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेव, कुणी काही म्हणालं तर म्हण बाप माझाही होता. आणि दुपारी सगळे झोपले की आईजवळ बस, मोबाईल बाजूला ठेवून, आणि विचार, आई, तुला काय हवंय. माझ्या आईला हे कुणीच विचारलं नाही, मी सुद्धा नाही.

त्याआधी या आठवड्यात दोन कामं कर, महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर जाऊन गट नंबर टाकून सातबारा आणि खाते नंबर टाकून ८-अ काढ, आणि डिजिटल सहीचा जुना फेरफार मिळाला तर तोही. काय दिसतं ते मला कळव.

तुझी मावशी